वेम्ब्लेचीं २१ मिनिटें

आमच्यासारख्या माणसानें विलायती रॉक संगीतावर लेख लिहावा, हें पाहून कांहीं वाचकांस आमच्या प्रकृतीविषयीं काळजी वाटेल. आम्हीं ३६ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, वाईस कृष्णेच्या घांटाजवळ जन्म काढला, आणि गणपतीच्या आरतीपलीकडे घरांत मोठा आवाज कधीं होऊं दिला नाहीं. असे आम्ही आज 'क्वीन' नामक इंग्लिश बँडचे भक्त आहों, असें चारचौघांत कबूल करतों. भक्त हा शब्द जाणूनबुजून योजिला आहे. १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर या चौघांनीं जीं २१ मिनिटें गाजविलीं, त्यांचें चित्रमुद्रण आम्हीं गेल्या कांहीं वर्षांत किती वेळां पाहिलें, याचा हिशेब आम्हीं ठेवलेला नाहीं. सौभाग्यवतींनीं ठेवला आहे, पण त्या तो सांगत नाहींत.

प्रसंग असा होता. इथिओपियांत भयंकर दुष्काळ पडला होता, आणि अन्नावांचून मरणाऱ्या माणसांचीं दृश्यें इंग्लंडांत घरोघर दूरचित्रवाणीवर दिसलीं. तेव्हां बॉब गेल्डॉफ व मिज यूर या दोन गायकांनीं मदतनिधीसाठीं 'लाइव्ह एड' नांवाचा प्रचंड जलसा योजिला. तो एकाच दिवशीं इकडे लंडनास व तिकडे अमेरिकेंत फिलाडेल्फियास झाला. वेम्ब्लेवर सुमारें ७२,००० श्रोते होते. प्रत्येक बँडास वेळ काय तो वीस मिनिटांच्या आसपास; आणि ती सरत आली हें गाणाऱ्यांस कळावें म्हणून चवाठ्यावर असतात तसे रंगीत दिवे रंगमंचावर लावलेले. कीर्तनकारांसाठीं आमच्या देवळांतही अशी सोय असती तर बरें झालें असतें, असें आम्हांस अनेकदां वाटून गेलें आहे.

क्वीनची पाळी संध्याकाळीं ६ वाजून ४१ मिनिटांनीं आली. जुलै महिन्यांत लंडनास त्या वेळीं चांगलें ऊन असतें. म्हणजे अंधार, प्रकाशझोत, धूर हीं या मंडळींचीं नेहमींचीं आयुधें त्या दिवशीं कुचकामाचीं. परंतु त्यांनीं शॉ थिएटर नांवाच्या नाट्यगृहांत आधीं तालीम करून, घड्याळ समोर ठेवून, आपलीं मिनिटें बसविलीं होतीं. परीक्षेस बसणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत घ्यावें असें लिहिण्याचा मोह होतो. पण आम्ही आतां निवृत्त आहों.

या बँडची कीर्ति त्या वेळीं निष्कलंक नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाचें राज्य असतां १९८४ सालीं हे लोक सन सिटी येथें जाऊन गायले, आणि त्याबद्दल त्यांजवर टीकेची झोड उठली. ती टीका रास्त होती, असेंच आमचें मत आहे.

फ्रेडी मर्क्युरी रंगमंचावर धांवत येतो. अंगांत पांढरा बनियन, तुमानही फिकट, ओठांवर दाट मिशी. प्रथम पियानोवर बसून तो 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा आरंभीचा भागच तेवढा म्हणतो. आपल्या हातून माणूस मारला गेला, असें एक मुलगा आईस सांगत आहे, असा त्या गीताचा विषय. आणि तो करुण प्रसंग ७२,००० माणसें त्याच्याबरोबर गाऊं लागतात. मग तो उठतो आणि अर्ध्या दांड्याचा ध्वनिक्षेपक हातीं घेतो. 'रेडिओ गा गा' हें गाणें बँडमधील ढोलवादक रॉजर टेलर यांचें. त्याच्या ध्रुवपदाला सारें मैदान दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या देतें, तेव्हां वाऱ्यानें जोंधळ्याचें शेत एकदम लवावें तसें दिसतें. आवाज एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर मागें उभ्या असलेल्या माणसास ताल जवळजवळ एक-तृतीयांश सेकंद उशिरां ऐकूं येणार. अशा ठिकाणीं इतक्या लोकांस एका ठेक्यावर धरून ठेवणें किती अवघड, याची कल्पना ज्यानें शाळेच्या पटांगणांत प्रार्थना म्हणवून घेतली आहे त्यासच यावी.

आणि मग तें येतें, ज्यासाठीं आम्ही हें मुद्रण पुनःपुन्हां लावतों. वाद्यें थांबलेलीं. फ्रेडी एकटाच पुढें येऊन एक लहानसा स्वरसमूह म्हणतो. शब्द नाहीं, अर्थ नाहीं, नुसते 'ए' आणि 'ओ'. मैदान तो जसाच्या तसा परत करतें. तो अधिक लांब म्हणतो. मैदान परत करतें. तो एक स्वर इतका लांबवितो कीं ऐकणाऱ्याचा श्वास कोंडावा. मैदान तोही परत देण्यास धडपडतें. वाचकहो, ही संथा आहे! वेदपाठशाळेंत गुरुजी एकदां म्हणतात व विद्यार्थी दोनदां म्हणतात. स्वर वरचा कीं खालचा हें कोणी समजावून देत नाहीं, तो कानांतून कंठांत उतरतो. आमच्या वर्गांत चाळीस मुलें असत, आणि 'देव' शब्द चालवितांना तृतीयेच्या 'देवाभ्याम्'पाशीं वर्ग फुटे. मागचीं बांकें एक विभक्ति मागें राहत. आणि हा गृहस्थ अर्ध्या मिनिटांत ७२,००० लोकांची संथा घेतो, एकही शब्द न वापरतां! प्रथम पाहिलें तेव्हां आम्ही खुर्चींतून उठून उभे राहिलों होतों.

पुढचीं चार गाणीं आम्हांस आवडतात, पण त्यांविषयीं फारसें लिहिण्याजोगें आमच्याजवळ नाहीं. 'वुइ विल रॉक यू' मात्र ऐकावें: दोन वेळां पाय आपटणें व एक टाळी, एवढ्यावर तें उभें आहे, श्रोत्यांचें काम रचनेंतच नेमून दिलेलें. तें रचणारे ब्रायन मे हे मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. संगीतापायीं अर्धवट सोडलेलें संशोधन त्यांनीं २००७ सालीं पूर्ण करून लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजांतून डॉक्टरेट मिळविली. सूर्यमालेंतील धूलिकणांवर त्यांचा प्रबंध आहे.

आतां आमचा कबुलीजबाब. १९८६ सालीं आमचे कनिष्ठ बंधु पुण्यास कॉलेजांत होते. दिवाळीच्या सुटींत त्यांनीं क्वीनची एक कॅसेट आणून माजघरांत लावली. वडील जपास बसले होते. आम्हीं ती मध्येंच बंद केली, 'असली आरडाओरड या घरांत चालणार नाहीं' असें म्हटलें, आणि कॅसेट कपाटांत घालून किल्ली कनवटीस लावली. बंधु म्हणाले, "अण्णा, यांतला गाणारा आपल्या पांचगणीला शिकलेला आहे." पाहुण्यांनीं घर भरलेलें, त्या सर्वांदेखत आम्हीं त्यांस खोटें बोलल्याबद्दल फटकारलें. त्यांनीं ती कॅसेट पुन्हां कधीं मागितली नाहीं, आणि गाण्याचा विषयही आमच्यापाशीं पुन्हां काढला नाहीं.

बंधु खरें बोलले होते. फ्रेडी मर्क्युरीचें मूळचें नांव फारुख बलसारा. हा पारशी मुलगा १९४६ सालीं झांझिबारास जन्मला व आठव्या वर्षाच्या सुमारास पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत दाखल झाला. तेथें तो पियानो शिकला आणि 'हेक्टिक्स' नांवाच्या मुलांच्या बँडमध्यें वाजवूं लागला. ती शाळा आमच्या घरापासून पसरणीचा घाट चढून गेलें कीं येते. तो मुलगा सुटीला याच घाटानें उतरत असतां आम्ही वाईस पाळण्यांत होतों. १९९१ सालीं तो लंडनास वारला. अंत्यविधि पारशी धर्मगुरूंनीं केले. हें सर्व आम्हांस २०१८ सालीं त्याच्यावरील चित्रपट निघाला तेव्हां कळलें. आमच्या पुतणीनें आम्हां दोघां भावांस तो पुण्यास नेऊन दाखविला, आणि घरीं येऊन वेम्ब्लेचें खरें मुद्रण लावून दिलें. तीं २१ मिनिटें संपेपर्यंत आमच्या बंधूंनीं एकदांही आमच्याकडे पाहिलें नाहीं. त्यांस सारें पाठ होतें. ओठ हालत होते.

वाईस परतल्यावर आम्हीं कपाट उपसलें. अमरकोशाच्या दोन जुन्या प्रतींमागें कॅसेट सांपडली; फितीस पांढरी बुरशी आली होती. त्या दिवाळींत ती बंधूंच्या हातीं ठेवून आम्ही म्हणालों, "तूं खरें बोलला होतास. आमचें चुकलें." वडील भावानें धाकट्यास असें म्हणण्याची आमच्या घरांत रीत नाहीं, म्हणून शब्द नीट फुटले नाहींत.

त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली. "अण्णा," ते म्हणाले, "दुसरी बाजू ऐकायची राहिलीच होती." मग पुतणीला हांक मारून त्यांनीं वेम्ब्लेचें मुद्रण लावावयास सांगितलें, आणि पाट ओढून आम्ही दोघे माजघरांत बसलों.