स्तनातील गाठ : वैद्यांचे व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

काही वर्षांपूर्वी लाखांदूर तालुक्यातील पंचेचाळिशीची एक शेतकरी भगिनी डाव्या स्तनातील गाठ दाखवावयास आमच्याकडे आली. गाठ सुपारीएवढी, कठीण व वेदनारहित होती. "दुखत त नाही जी, रोवणी झाली का जाईन नागपूरले," असे ती म्हणाली. आम्हीही ग्रंथी समजून कांचनार गुग्गुळ दिला व तीन महिने वाट पाहिली. धानकापणीच्या सुमारास ती परत आली, तेव्हा काखेतही गाठ हाताला लागत होती. त्या तीन महिन्यांचा दोष आमचाच. असा विलंब अन्य कोणा वैद्याच्या हातून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तनरोगांचे, तर अकराव्या अध्यायात ग्रंथी व अर्बुदाचे वर्णन केले आहे. स्थिर, अल्प वेदनेची, खोल मुळाची, सावकाश वाढणारी व न पिकणारी गाठ हे अर्बुदाचे स्वरूप होय. म्हणजे 'दुखत नाही' हे निश्चिंत होण्याचे नव्हे, तर सावध होण्याचे लक्षण आहे. रक्तार्बुद व मांसार्बुद त्यांनी असाध्य मानले. अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास तो अग्नीप्रमाणे पुन्हा वाढून रुग्णाचा घात करतो, असा इशाराही चिकित्सास्थानात आहे. अर्बुद आणि आजचा कर्करोग सर्वस्वी एकच, असे आम्ही म्हणत नाही. तथापि गाठीला औषध देऊन स्वस्थ बसावे, यास शास्त्राचाही आधार नाही.

निदानाच्या तीन पायऱ्या

स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु केवळ हाताने तपासून तसा निर्वाळा देता येत नाही. पहिली पायरी प्रत्यक्ष तपासणीची. गाठीखेरीज त्वचा ओढली जाणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत वळणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव होणे व काखेत गाठ येणे ही लक्षणे पाहावीत. दुसरी पायरी मॅमोग्राफी व सोनोग्राफीची; तरुण स्त्रीच्या स्तनाची घनता अधिक असल्याने तिच्यात सोनोग्राफी विशेष उपयोगी पडते. तिसरी व निर्णायक पायरी म्हणजे जाड सुईने तुकडा काढून केलेली बायॉप्सी.

'सुई लावली की रोग पसरतो' हा समज आपल्या जिल्ह्यात खोल रुजलेला आहे. तो निराधार आहे. खरा धोका निराळाच. कोठेतरी लहान शस्त्रक्रियेने गाठ काढली जाते, ती तपासणीस पाठविली जात नाही आणि पुढील उपचाराची दिशाच हरवते.

बायॉप्सीच्या अहवालात ईआर, पीआर व हर-टू या तीन तपासण्या असाव्यात. हर-टूचा निष्कर्ष तीन अधिक असल्यास तो सकारात्मक समजतात. दोन अधिक आल्यास 'फिश' ही पुढील तपासणी लागते. या तिन्ही उत्तरांवर औषधयोजना ठरते.

उपचारांचे पर्याय

शस्त्रक्रिया म्हणजे संपूर्ण स्तन काढणे, असे नव्हे. रोग प्रारंभिक असल्यास केवळ गाठ व तिच्या भोवतीचा भाग काढून नंतर किरणोपचार देता येतात. इटली व अमेरिकेतील अशा रुग्णांचा वीस वर्षांचा पाठपुरावा २००२ साली प्रसिद्ध झाला; स्तन राखलेल्या व काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. गाठ मोठी असल्यास आधी केमोथेरपी देऊन ती लहान करतात. ईआर वा पीआर सकारात्मक असल्यास टॅमॉक्सिफेन अथवा रजोनिवृत्तीनंतर ॲरोमॅटेज रोधक औषधे किमान पाच वर्षे घ्यावी लागतात. हर-टू सकारात्मक असल्यास ट्रास्टुझुमॅब उपयुक्त ठरते. तिन्ही नकारात्मक असल्यास केमोथेरपीवर मुख्य भिस्त असते.

मुंबईचा धडा

हाताने केलेली तपासणी क्षुल्लक नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार प्रगत अवस्थेतील रोगाचे प्रमाण ४७ वरून ३७ टक्क्यांवर आले व पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. आरोग्यसेविका जे करू शकतात, ते पवनी-साकोलीचा वैद्य निश्चितच करू शकतो. पुरुष वैद्यांनी तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका वा घरातील स्त्री जवळ ठेवावी.

आपण काय करावे

एक, संशयित गाठ दिसल्यास चिठ्ठी त्याच दिवशी लिहावी. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर आहे. तेथील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारख्या संस्थांत निदान व उपचार एकत्र होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधारकार्ड सोबत नेण्यास सांगावे.

दोन, 'गाठीची गोळी द्या' असे कोणी दुकानात म्हणाल्यास गाठ कोठे आहे, हे औषधविक्रेत्याने अवश्य विचारावे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे, याचेही भान असावे. येल विद्यापीठातील संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात प्रस्थापित उपचार टाळून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनकर्करुग्णांत मृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक आढळला.

तीन, उपचार चालू असताना आपले औषध रुग्णाच्या कर्करोगतज्ज्ञास कळविल्याशिवाय देऊ नये. कर्क्युमिन व पिपरिन एकत्र घेतल्यास टॅमॉक्सिफेनच्या कार्यकारी घटकाचे रक्तातील प्रमाण घटते, असे नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे हळदीच्या व पिंपळी-मिऱ्याच्या कल्पांबाबतही विवेक हवा. जेवणातील चिमूटभर हळदीचा हा प्रश्न नाही. पथ्यकर आहार, अग्निरक्षण, निद्रा व मनोबल यांत मात्र आपले साहाय्य मोलाचे आहे.

ती भगिनी अखेर नागपूरला गेली. केमोथेरपी, शस्त्रक्रिया व किरणोपचार असे सर्व सोसून ती आज धानाच्या बांधीत उभी आहे. तथापि तीन महिने आधी गेली असती, तर कदाचित एवढे सोसावे लागले नसते. साध्यासाध्यता जाणून रुग्णास वेळीच योग्य हाती सोपविणे हेही वैद्यकर्मच होय; त्यात कमीपणा नाही. इत्यलम्.