वहीत न मावणारं भांडवल

पापडाच्या धंद्याचा हिशेब मांडायला बसलं की उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार, पोळपाट-लाटणी सगळं वहीत येतं. पण लाटणारीचा तयार हात कुठल्या रकान्यात लिहायचा? आणि गिऱ्हाइकाचा विश्वास?

‘लिज्जत’चंच बघा ना. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी पावसानं चार महिने काम बंद! दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट नि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, की झालं काम सुरू. खाट-स्टोव्हचे पैसे वहीत दिसतात, युक्तीचे दिसत नाहीत. पण वर्षाचे चार महिने वाचवले ते युक्तीनंच.

पुढे पद्धत पडली. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून-वाळवून पापड दुसऱ्या दिवशी द्यायचे, मजुरी वजनावर घ्यायची. घरची जागा स्वच्छ आहे ना, हे आधी बघतात. पापड घेताना तपासतात. पण लाटताना डोक्यावर मुकादम नाही. प्रत्येक बहीण संस्थेची मालकीणच, मग स्वतःचाच माल कोण बिघडवील? हजारो घरांवर देखरेखीला माणसं ठेवायची तर किती पगार जाईल, तो आकडा काढा. विश्वासाचं मोल थोडंफार कळेल.

गंमत म्हणजे हिशेबाच्या नियमांप्रमाणे स्वतः कमावलेलं नाव मालमत्तेत धरत नाहीत. तेच नाव दुसऱ्यानं विकत घेतलं की त्याच्या वहीत किंमतीसकट चढतं. लेक आपली, कौतुक मात्र सासरी गेल्यावर!

घरी मसाले, लोणची किंवा शिवणाचं काम करणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही एक साधी वही घाला. महिन्यात किती गिऱ्हाइकं पुन्हा आली, किती जणी दुसरीच्या सांगण्यावरून आल्या, किती माल परत आला, किलोमागे किती तास लागले, एवढंच लिहायचं. सहा महिन्यांत तास नि परत आलेला माल कमी झाला असेल, तर हात तयार झाल्याचा तो पुरावा.

मदतनीस असेल तर तिचंही लिहा: पहिल्या महिन्यात किती काम उरकलं, चौथ्यात किती. पुढे तिनं मजुरी वाढवून मागितली की नाही म्हणण्याआधी ही वही उघडा. तिच्या जागी नवखी आली तर पहिले तीन महिने किती माल कमी निघेल, ती रक्कम तिच्या वाढीशेजारी मांडून बघा.