वेतन कंपनीचे, पहारा देशाचा
सायबर संरक्षणासाठी एस्टोनियाने माणसे कशी उभी केली?

रणगाडा पैसे मोजून विकत घेता येतो आणि तो चालविणारा जवान सैन्यात घडविता येतो. परंतु संगणकांच्या जाळ्यावरील हल्ला ओळखून परतविणारा तंत्रज्ञ कोठून आणायचा? बँका व सॉफ्टवेअर कंपन्या त्याला जे वेतन देतात, ते लष्कराच्या वेतनश्रेणीत बसत नाही. सुमारे १३ लाख वस्तीच्या एस्टोनियाने यावर काढलेला तोडगा आमच्या व्यापारी वाचकांनी समजून घेण्यासारखा आहे.

१९९१ साली सोव्हिएत संघापासून स्वतंत्र झाल्यावर या देशाने बँक व्यवहार, सरकारी कामे, इतकेच नव्हे तर मतदानही संगणकावर आणले. एप्रिल २००७ मध्ये राजधानी टॅलिन येथील सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलविण्यावरून दंगल उसळली. त्याच सुमारास सरकार, वृत्तपत्रे व बँकांच्या संकेतस्थळांवर हल्ले सुरू झाले. असंख्य संगणकांवरून एकाच वेळी खोट्या मागण्यांचा मारा झाला की खऱ्या ग्राहकाला वाटच मिळत नाही. हे सुमारे तीन आठवडे चालले. तेव्हा मोर्चा सांभाळला तो सरकारी, बँकांच्या व इंटरनेट कंपन्यांच्या तंत्रज्ञांनी एकत्र बसून. रणगाड्यांचा येथे काय उपयोग?

या अनुभवातून २०११ साली देशाच्या स्वयंसेवी संरक्षण दलात सायबर तुकडी स्थापन झाली. तिच्यातील माणसे आपापली नोकरी सोडत नाहीत. चारित्र्याची तपासणी झाल्यावरच त्यांना प्रवेश मिळतो. फावल्या वेळात ती विनावेतन सराव करतात व संकटात मदतीला धावतात. मालकाचाही यात तोटा नाही. सरावात शिकलेले कौशल्य त्याच्याच कचेरीत परत येते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हल्ला बँकेवर व सैन्यावर एकदमच झाला तर तो तंत्रज्ञ कोणाकडे धावणार? केवळ स्वयंसेवकांवर विसंबून देश चालत नाही. म्हणूनच २०१८ साली एस्टोनियाने कायमस्वरूपी सायबर कमांड उभारली. तेथे सक्तीची लष्करी सेवा आहे. त्यासाठी येणाऱ्या तरुणांपैकी संगणकात तरबेज असलेल्यांना या कमांडमध्येही घेतले जाते. थोडे कायम अधिकारी, दरवर्षी येणारे नवे तरुण आणि हाकेला ओ देणारे स्वयंसेवक, अशी ही तिहेरी बांधणी आहे.

आपल्या देशात २०१९ साली संरक्षण सायबर एजन्सीच्या पहिल्या प्रमुखाची नेमणूक झाली. भारताचा आकार वेगळा, गरजाही वेगळ्या. तरी आमच्या मते एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. यंत्रे निविदा काढून मिळतात, भरवशाची माणसे नाही. ती शांततेच्या काळातच हेरून, पारखून, सरावात ठेवावी लागतात.