बॉनेटखालची ‘बिसि गाळि’

गोव्यात भाजी उतरवून बेळगावची पिकअप चोर्ला घाट चढू लागते. वेग कमी, बॉनेटमध्ये वारा नाही, आणि हौसेने बसवलेला उघडा एअर फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवाच ओढत राहतो. आवाज मात्र झकास! घरच्या कन्नडात सांगायचे तर ही ‘बिसि गाळि’. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणजे ऑक्सिजनही तितकाच कमी, आणि चढणीला गाडीला दम लागतो.

उपाय ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये तो आडोशासारखा उभा करावा, वरची कड रबराची पट्टी लावून बॉनेटला टेकवावी. पत्रा सायलेन्सरच्या नळीला चिकटू देऊ नये. मधली मोकळी जागाच निम्मे काम करते. पण नुसत्या आडोशाने भागत नाही. बाहेरची गार हवा यायला वाट हवी, आणि तीही चाकाने उडणाऱ्या पाण्यापासून उंचावर. घाटातला पाऊस आपल्याला ठाऊक आहेच. फिल्टरमधून इंजिनात पाणी शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

कंपनीच्या मूळ बंद डब्यात ही सोय बहुधा आधीच केलेली असते. मुलगा तो भंगारात द्यायला निघाला असेल, तर आईने तो गुपचूप माळ्यावर ठेवून द्यावा.