विश्लेषण : नव्या वाय-फायसाठी जुनी केबल उखडावीच लागते का?

रुग्णालये, विद्यापीठे, बँकांच्या मोठ्या इमारतींत नवे वाय-फाय बसवले, तरी वेग अनेकदा वाढत नाही. खापर भिंतीतल्या जुन्या केबलवर फुटते. ते कितपत खरे?

अडथळा कुठे?
नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटची क्षमता सेकंदाला १ गिगाबिटच्या पुढे गेली आहे. जुने स्विच मात्र १ गिगाबिटवरच थांबतात. १० गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत न्यायचा, तर ‘कॅट ६ए’ केबल लागते. म्हणजे फॉल्स सीलिंग उघडणे, वॉर्ड किंवा वर्ग बंद ठेवणे आले.

मधला मार्ग कोणता?
२०१६ मध्ये मंजूर झालेले ‘८०२.३बीझेड’ मानक. त्यानुसार १०० मीटरपर्यंत ‘कॅट ५ई’वर २.५, तर ‘कॅट ६’वर ५ गिगाबिट वेग मिळू शकतो. अट एकच : स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट, दोन्ही या मानकाचे हवेत.

काळजी काय घ्यावी?
खरेदीपूर्वी प्रत्येक जोडणी तपासून घ्यावी. त्याच केबलमधून वीजही दिली जात असेल, तर जाड जुडग्यांत उष्णता वाढते. जी केबल चाचणीत नापास होईल, तेवढीच बदलावी. नव्या इमारतीत मात्र सुरुवातीलाच ‘कॅट ६ए’ टाकणे शहाणपणाचे.