दुखणं बोटांचं, काळजी हृदयाची!

दोस्तांनो, पुढचं वाचण्याआधी एक गंमत करून बघा. कपाटातले जाड हातमोजे काढा. ते नसतील तर शाळेचे पायमोजे हातांवर चढवा, एकावर एक दोन! आता शर्टाचं बटण लावा. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडा. पेन्सिल धरून स्वतःचं नाव लिहा. आला ना वैताग?

मोजे काढले की तुम्ही सुटलात. पण काही माणसं रोज सकाळी असे न दिसणारे मोजे घालूनच उठतात. त्यांची बोटं सुजलेली असतात, आखडलेली असतात. चहाचा कप उचलायचा तर दोन्ही हात लागतात. कणीक मळणं, वेणी घालणं, तुमच्या डब्याचं झाकण घट्ट लावणं, या साध्या कामांसाठी तास-दीड तास थांबावं लागतं. हळूहळू बोटं मोकळी होतात आणि दिवस सुरू होतो. या आजाराला आपल्याकडे आमवात म्हणतात. डॉक्टर त्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात.

“हं, म्हणजे म्हातारपणाची गुडघेदुखी!” असं म्हणालात ना? इथेच तर चुकतं. वय वाढल्यावर गुडघा झिजतो, ती गोष्ट वेगळी. आमवात पुष्कळदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन ते तीन पट जास्त होतो. म्हणजे फक्त कुणाची आजी नव्हे, कुणाची आई, मावशी, आत्या, एखाद्या वर्गाच्या बाईसुद्धा!

पुणे जिल्ह्यातलं भिगवण हे गाव तुम्ही ऐकलं असेल. उजनीच्या पाण्यावर तिथे रोहित पक्षी उतरतात. याच भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. मोठ्या माणसांत दर हजारी साधारण पाच जणांना आमवात असल्याचं त्यांना आढळलं. आकडा लहान वाटतो? मग तुमच्या तालुक्याची लोकसंख्या घ्या आणि गुणाकार करून बघा.

पण थांबा. आज आपल्याला खरं बोलायचंय ते हृदयाबद्दल. बोटांच्या दुखण्याचा हृदयाशी काय संबंध? सांगतो.

राखणदाराची गोफण

ज्वारीचं शेत डोळ्यांसमोर आणा. कणसं भरली आहेत. माळ्यावर राखणदार उभा आहे. पाखरांचा थवा आला की तो गोफण फिरवतो आणि पाखरं उडवून लावतो. आपल्या शरीरातही असे राखणदार आहेत: रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू आले की त्या तुटून पडतात. या लढाईत ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. याला म्हणतात दाह. गुडघा फुटल्यावर तुम्ही तो अनुभवलाच असेल. जंतू हरले की राखणदार शांत बसतात आणि सूज उतरते.

आता समजा, राखणदाराची ओळखण्यात गल्लत झाली. पाखरं नसतानाही तो गोफण फिरवू लागला आणि दगड स्वतःच्याच कणसांवर बसू लागले. आमवातात नेमकं हेच होतं. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. अशा आजारांना ‘स्वयंप्रतिकार’ आजार म्हणतात. ल्युपस हा त्यातलाच दुसरा. त्यात सांधे दुखतात, पुष्कळदा गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लालसर चट्टा येतो आणि मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते.

पण गोफणीचे सगळे दगड कणसांवरच थोडेच पडणार? शेतातून पाण्याचा पाटही जातो. काही दगड त्याच्या काठावर आदळतात. काठ खरवडला जातो, तिथे गाळ अडकतो, पाट अरुंद होतो. आणि एक दिवस काठाचा मोठा तुकडा ढासळून पाणी अडतं. शेवटचा वाफा कोरडा पडतो.

हा पाट म्हणजे आपली रक्तवाहिनी. शेवटचा वाफा म्हणजे हृदयाचा स्नायू. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात, बरं का! दाह वाढवणारी रसायनं सांध्यात कोंडून राहत नाहीत. रक्ताबरोबर ती अंगभर फिरतात. धमनीचं आतलं गुळगुळीत अस्तर त्यांनी दुखावलं की कोलेस्टेरॉल आत शिरतं. ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकतात. असा थर वर्षानुवर्षं वाढतो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका.

डॉक्टरांना हे कसं कळलं?

कॅनडातल्या टोरांटो शहरात डॉ. मरे युरोविट्झ ल्युपसच्या रुग्णांवर लक्ष ठेवून होते. १९७६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र गोष्ट जगापुढे मांडली. काही रुग्ण आजाराच्या सुरुवातीलाच दगावत होते, ते ल्युपसच्या जोरामुळे आणि जंतुसंसर्गामुळे. पण काही रुग्ण कित्येक वर्षांनी, ल्युपस बराच आटोक्यात आल्यावर दगावत होते. आणि त्यांच्या मृत्यूमागे होता हृदयविकार! समोरचा शत्रू मागे हटला, पण दुसरा मागच्या दाराने आत शिरला होता.

मग १९९७ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी ल्युपस झालेल्या स्त्रियांची तुलना फ्रॅमिंगहॅम गावातल्या स्त्रियांशी केली. (या गावात १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे.) ३५ ते ४४ या वयोगटात ल्युपसच्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण ५० पटींहून जास्त निघालं! घाबरू नका. या वयाच्या स्त्रियांना असा झटका एरवी फारच क्वचित येतो. क्वचितच्या ५० पट म्हणजे सगळ्यांना नव्हे. पण दुर्लक्ष करण्याइतकी लहान गोष्टही नव्हे.

आमवातात हा धोका साधारण दीडपट असतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तर डॉक्टरांना सांगून ठेवलंय की, वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरेंवरून हृदयाच्या धोक्याचा जो आकडा येईल, त्याला आमवाताच्या रुग्णासाठी १.५ ने गुणा. समजा, एरवीच्या शंभर माणसांपैकी १० जणांना दहा वर्षांत हृदयविकार होणार असेल, तर तशाच पण आमवात असलेल्या शंभरांत १५ जणांना होईल. हे जास्तीचे पाच जण वाचवता येतील का, हाच खरा प्रश्न आहे.

फसवा रिपोर्ट

इथे एक गमतीदार कोडं आहे. हृदयविकार म्हटलं की सगळे आधी कोलेस्टेरॉल तपासतात. पण आमवात जोरात असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी झालेलं दिसतं! “वा, रिपोर्ट छान आहे,” असं म्हणून घरचे खूश होतात, आणि धोका मात्र वाढलेलाच असतो. दाह कमी झाला की तोच आकडा वर चढतो. म्हणून आमवात शांत असताना कोलेस्टेरॉल मोजणं चांगलं.

दाह मोजायची एक जुनी युक्ती आहे, ई.एस.आर. एका उभ्या बारीक नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. दाह असला की रक्तात काही प्रथिनं वाढतात. त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. आहे की नाही सोपी युक्ती? घरातल्या एखाद्या जुन्या रिपोर्टावर ही तीन अक्षरं सापडतात का बघा.

दाह आणि हृदय यांचं नातं किती पक्कं आहे, याचा पुरावा २०१७ साली मिळाला. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात दिलेलं औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नव्हतं. ते फक्त दाह कमी करत होतं. तरीही पुन्हा झटका येण्यासारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याचबरोबर जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग थोडे वाढले. साहजिकच आहे, राखणदाराचा हात धरला की खरी पाखरंही थोडी फावतात.

औषधं: मित्र, पण शिस्तीचे!

१९४८ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांतच चालू-फिरू लागली. सगळीकडे खळबळ उडाली आणि १९५० साली या कामाला नोबेल पारितोषिकही मिळालं. पण पुढे कळलं की ही स्टेरॉइड जातीची औषधं मोठ्या प्रमाणात, फार दिवस घेतली तर रक्तदाब आणि साखर वाढते, आणि त्याचा ताण पुन्हा हृदयावरच येतो. म्हणून डॉक्टर ती जमेल तितकी कमी देतात. वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीवरची एक गोळी जगभर खपत होती. तिने हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर २००४ साली ती बाजारातून काढून घेण्यात आली. तेव्हा दुकानातून मनानेच गोळ्या आणून महिनोन् महिने खाणं बरं नव्हे.

आज आमवातावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते राखणदारालाच शांत करतं. पण एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात, रोज नाही! चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. इथे तुमची मदत होईल. ठरलेल्या वाराला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण करायचं काम तुम्ही घ्या. “आता दुखत नाही, मग गोळी कशाला?” असं कुणी म्हणालं, तर धमनीतल्या त्या न दिसणाऱ्या दगडांची गोष्ट सांगा. दुखणं थांबलं म्हणजे दाह संपलाच, असं नाही. औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणखी काय करता येईल? घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ती बंद करायला लावा. धूम्रपानाने हृदयविकाराचा धोका वाढतो आणि आमवात होण्याचाही! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, तेव्हा तिलाही नकार. लोणचं-पापड बेताने, म्हणजे मीठ कमी पोटात जाईल. आमवात असलेल्या माणसाने नुसतं पडून राहावं असं पूर्वी सांगत. आता डॉक्टर झेपेल तेवढं चालायला आणि व्यायाम करायला सांगतात. संध्याकाळी सोबतीला जा की! आणि एक, सोळा वर्षांखालच्या मुलांनाही सांध्यांचा असा आजार होतो. कुणाचा सांधा सहा-सहा आठवडे सुजलेला असेल, तर “वाढत्या वयाचं दुखणं” म्हणून सोडून देऊ नका.

सोसण्याची सवय

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. रोज दुखणं सोसणाऱ्या माणसाला सोसायची सवय लागते. छातीवर दडपण आलं, जबडा, पाठ किंवा हात भरून आला, दम लागला, घाम फुटला, मळमळलं, तरी आई म्हणते, “ॲसिडिटी असेल रे, जरा पडते.” स्त्रियांमध्ये झटक्याची लक्षणं कधी कधी सिनेमातल्यासारखी नसतात. कुणी छाती धरून कोसळेलच असं नाही. अशा वेळी “जरा पडते” हे ऐकून घ्यायचं नाही. मोठ्यांना हाक मारायची आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची.

आता या रविवारी करायचं काम. घरातल्या आजीला, आईला, मावशीला दोन प्रश्न विचारा. पहिला: सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात? उत्तर अर्ध्या तासाहून जास्त आलं आणि सूजही असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. आमवात आहेच, असं कळलेलं असेल तर दुसरा प्रश्न: बी.पी., साखर आणि कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं होतं? उत्तरं तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी ती वही पिशवीत टाकायची जबाबदारी मात्र तुमची हं!