मुंबईहून येणारी गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीला लोक जातात ते दशभुज गणपतीच्या दर्शनाला आणि भरतीच्या वेळी बामणघळीत उसळणारे पाणी बघायला. याच गावात १८४० साली विनायक कोंडदेव ओक जन्मले, हे तिथे कोणी आपणहून सांगत नाही. मराठी बालवाङ्मयाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते हे ओक. १८८१ मध्ये त्यांनी मुंबईत ‘बालबोध’ मासिक सुरू केले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातून ते निघत असे आणि १९१४ साली डोळे मिटेपर्यंत ओकांनी ते चालवले.

अंकाचा साचा ठरलेला. एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एखादा शास्त्रीय विषय आणि उरलेल्या जागेत किरकोळ माहिती. लिहिणारे बहुतेक एकटे ओकच, आणि असे अंक निघाले चारशेच्या आसपास. आज ते चाळताना उपदेशाने जीव दमतो. मूल म्हणजे वळण लावायची वस्तू, ही त्या काळाची समजूत जागोजाग दिसते. पण ‘निबंधमाले’ची भारदस्त मराठी ज्या काळात सुशिक्षितांच्या कानांत घुमत होती, त्याच काळात हा माणूस दहा वर्षांच्या पोराला धाप न लागता वाचता येईल असे लिहीत होता. तेही महिन्यामागून महिना, तेहेतीस वर्षे. त्यांच्या उपदेशापेक्षा ही चिकाटी मला मोठी वाटते.

१ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा निघाला. त्याआधीचा अखंड रत्नागिरी जिल्हा डोळ्यांसमोर आणला तर एक गंमत लक्षात येते. ओकांच्या आधी पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुलांसाठी नीतिकथा आणि बालव्याकरण लिहिले होते. करजगावात जन्मलेले रेव्हरंड टिळक पुढे फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. साने गुरुजी पालगडचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. मुलांसाठी लिहिणाऱ्यांची एवढी दाटी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात सापडेल असे वाटत नाही. पण यातल्या कोणाचेही मुलांसाठीचे नावाजलेले लेखन इथे बसून झालेले नाही. जांभेकर, ओक, विंदा, पाडगावकर मुंबईत, टिळक नगरकडे, साने गुरुजी खानदेशात आणि तुरुंगांत.

इथल्या कर्त्या माणसाने बोटीत बसायचे आणि मुंबईहून मनीऑर्डर धाडायची, हा कोकणचा शतकभराचा संसार. गोष्टींचेही तसेच झाले. टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली, ‘बालबोध’ निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी. दोन्ही एकाच थैलीतून यायची. फरक असा की मनीऑर्डर आडवळणाच्या वाडीतही पोचायची, आणि मासिक मात्र ज्या घरात वर्गणी भरायची ऐपत आणि वाचायची सवय होती तिथेच उतरायचे. पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ पुण्यातून निघू लागले, तरी ही वाट काही रुंदावली नाही.

या तुटवड्याची सगळ्यांत खरी नोंद एका पुस्तकातच आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाचे प्रकरण आहे. श्याम पाहुण्याच्या पैशांना हात लावतो, तो खाऊसाठी नव्हे, पुस्तकासाठी. आपल्याला त्यातली आई आठवते, तिचा संताप आठवतो, श्यामचे रडणे आठवते. मला त्यातली परिस्थिती जास्त बोलकी वाटते. श्याम खोताच्या घरातला. घराणे खालावलेले असले तरी अक्षरओळख, पोथ्या, स्तोत्रे घरात होती, दापोलीच्या इंग्रजी शाळेपर्यंत मुलाला धाडायची हिंमत होती. अशा घरातल्या पोराला पुस्तकासाठी चोरी करावी लागते, तर त्याच पालगडातल्या कुळाच्या मुलाची काय कथा? चोरायचे काय, हेही त्याला ठाऊक नसणार.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ चा. पालगडहून दापोली, दापोलीहून औंध, तिथून पुणे असे शिकत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृह सांभाळू लागले. तिथे त्यांनी मुलांसाठी एक दैनिक काढले, ‘छात्रालय’. हाताने लिहिलेले. छापखाना नाही, टपाल नाही, वर्गणी नाही. एक प्रत, आणि ती वाचायला सगळे वसतिगृह. मुलांपर्यंत मजकूर पोचवण्याचा प्रश्न मराठीत याहून स्वस्तात कोणी सोडवला नसेल. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे छापील मासिकही काढले, पण गुरुजींच्या चरित्रात मला राहून राहून थांबावेसे वाटते ते त्या हस्तलिखितापाशी. रोज अंक काढायचा म्हणजे रोज मुलांकडे बघावे लागते. कोण घरच्या आठवणीने गप्प बसला आहे, कोणाचे भांडण मिटलेले नाही, हे ठाऊक असलेला माणूस जी भाषा लिहितो ती ‘बालबोधा’च्या भाषेहून वेगळी होणारच.

‘श्यामची आई’ लिहिली गेली १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. पालगडची विहीर, लाडघरचे तामसतीर्थ, दापोलीची वाट हे सगळे गजांआड बसून आठवलेले. त्यातला श्याम खोडकर आहे, भित्रा आहे, पोहायला नको म्हणून लपून बसतो आणि आईचा मार खातो. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम घराघरांत पोचला, पुढच्या वर्षी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तिथून हे पुस्तक हळूहळू देव्हाऱ्यात गेले. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांच्या लेखनावर कोणाचाच हक्क उरला नाही. स्वस्त आवृत्त्यांचा पूर आला आणि बक्षीस समारंभांत वाटायला सोय झाली. माझा अंदाज असा की आज हे पुस्तक जेवढे वाटले जाते तेवढे वाचले जात नाही. मुलाला ते देताना ‘यातून काहीतरी शिक’ असे बजावून दिले, की चोरी करणारा, विहिरीला घाबरणारा श्याम त्याला भेटण्याआधीच दूर पळतो. गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी उभी केलेली कथामाला या बाबतीत शहाणी. तिथे गोष्ट हातात देत नाहीत, सांगतात.

उपदेशाचे जोखड खऱ्या अर्थाने फेकले ते विंदांनी. १९६१ च्या ‘राणीच्या बागे’पासून त्यांनी मुलांना जे दिले त्यात तात्पर्य शोधूनही सापडत नाही. एटू लोकांचा देश आहे, पिशी मावशी आणि तिची भुतावळ आहे. भुतांच्या कोकणातून आलेल्या माणसाने भुतांनाच घरकामाला लावावे, यात मला तरी पुरेपूर देवगड दिसतो. मोठ्यांसाठी एवढे अवघड लिहिणाऱ्या, पुढे ज्ञानपीठ मिळालेल्या कवीने मुलांसाठी संग्रहांमागून संग्रह लिहावेत, हे आपल्या समीक्षकांनी अजून पुरते मनावर घेतलेले नाही. पाडगावकरांच्या ‘भोलानाथ’ला समीक्षकांची गरजच पडली नाही. गाणे झाले आणि पुस्तक न उघडता ते पोरांच्या तोंडी बसले.

पुस्तक मात्र वाडीवर पोचले ते वेगळ्याच रस्त्याने. बालभारती १९६७ साली स्थापन झाली आणि जिल्ह्यातल्या शेवटच्या शाळेपर्यंत जे एकच पुस्तक हमखास जाते ते मराठीचे पाठ्यपुस्तक ठरले. जूनच्या पहिल्या पावसात नवे पुस्तक हाती आले की अभ्यास सुरू व्हायच्या आत त्यातल्या गोष्टी आणि कविता वाचून संपवणारी पिढी इथे वाढली. कित्येकांच्या घरात दुसरे वाचायला काही नव्हतेच. त्याच संस्थेने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘किशोर’ मासिक सुरू केले. मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासूनच होता. आज ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पण घरातला एकुलता एक मोबाइल बाबांच्या खिशात असतो, आणि बाबा बहुधा मुंबईत.

आणि इथे मूळ धरून राहिलेल्या ग्रंथालयांचे काय? रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, महाराष्ट्रातले सगळ्यांत जुने. त्याच साली सदाशिव काशीनाथ छत्र्यांचे ‘बाळमित्र’ छापून आले, मूळ फ्रेंच पुस्तकावरून इंग्रजीमार्गे मराठीत आलेले. म्हणजे मुलांचे छापील मराठी पुस्तक आणि हे वाचनालय जवळपास बरोबरीचे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २००५ चा पूर त्याने सोसला, २०१३ चे साहित्य संमेलन त्यानेच भरवले, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी पुन्हा आत शिरले. भिजलेले पुस्तक फुगते, पाने एकमेकांना चिकटतात, मग बुरशी धरते. बहुतेक वेळा ते टाकावेच लागते. तरीही संस्था पुन्हा उभी राहिली. ही माणसे खरोखर कौतुकाची.

पण दोन्ही ग्रंथालये शहरातली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर गुहागर किंवा मंडणगडच्या वाडीतल्या मुलाला एस.टी.ने तिथे जाऊन परत यायचे म्हणजे रात्रच. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणून पुस्तकांच्या पेट्या फिरवायला घेतल्या, त्या पार परदेशापर्यंत गेल्या. आपल्याकडे पेटी फिरवायला वाहनही वेगळे नको. शाळेत पोषण आहाराचा तांदूळ घेऊन जो टेम्पो वाडीवर जातो, त्यात तीस पुस्तकांची एक पेटी सहज मावते. २०२८ मध्ये नगर वाचनालयाला दोनशे वर्षे होतील. स्मरणिका निघेल, मंत्री येतील, शाली वाटल्या जातील. त्या खर्चातून पहिल्या वर्षी निदान एका तालुक्यापुरत्या अशा पेट्या कराव्यात, अनामत रक्कम घेऊ नये, आणि हरवलेल्या पुस्तकाचा दंड मुलाकडून वसूल करू नये.